वारूळ मुंग्यांचं नसतं

घोडबंदर रोडवरच्या एका बाई विचारतात: मुलाला शाळेसाठी ‘वाळवी खाणारे प्राणी’ असा तक्ता करायचाय, तर या प्राण्यांना ‘मुंगीखाऊ’ म्हटलेलं चालेल का? शिवाय घरी आलेला पेस्ट कंट्रोलवाला सारखा ‘उधई, उधई’ करत होता, तो शब्द गुजराती की मराठी?

मुंगीखाऊ चालणार नाही. वाळवी म्हणजे मुंगी नव्हे, तिला ‘पांढरी मुंगी’ कितीही म्हणा. ती झुरळाच्या गोत्रातली. मुंगीचं गोत्र मधमाशीचं. पण लोकांना पटत नाही. येऊरला सकाळी फिरायला जा, दर दहा पावलांवर कोणीतरी पोराला बोट दाखवून सांगत असतं, ‘ते बघ मुंग्यांचं वारूळ!’ अहो, वारूळ बांधते वाळवी. मुंग्या आल्याच तर मागाहून, सापासारख्या, आयत्या बिळावर.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मास्तर आहेत. दर नागपंचमीला ते ‘संस्कृत वल्मीकापासून मराठी वारूळ’ असं ठणकावून सांगतात. मग ‘ल्मी’चा ‘रू’ झाला कसा, असं विचारलं की मास्तर चहा मागवतात. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडला असता तर वल्मीकाच्या शेजारीच, त्याच ओळीत, ‘वामलूर’ बसलेला दिसला असता. त्यातल्या ल आणि र यांची अदलाबदल करा (‘नुकसान’चं ‘नुसकान’ आपण रोज करतोच की), मधला म गाळा, झालं वारूळ. माझ्या लेखी हा विषय संपला, मास्तरांच्या लेखी नाही.

आता तक्ता. खवले मांजर घ्याच. त्याला एकही दात नाही. पुढच्या पायांच्या लांब नखांनी वारूळ फोडायचं आणि चिकट लाळेची दोरीसारखी जीभ आत सोडायची. गंमत अशी की या जिभेचं मूळ तोंडात नसून पार छातीत, शेवटच्या फासळ्यांपाशी असतं. चावण्याचं काम पोटाकडे: किडे गिळताना गेलेले बारीक खडे आणि पोटाचं टणक अस्तर मिळून जातं फिरवल्यासारखं दळण दळतात. वाळवी चावायला आली तर नाकपुड्या नि कान मिटून घ्यायचे. यात मांजराचं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. मलायी लोकांनी निदान नीट पाहिलं. खवले मांजराचं इंग्रजी नाव पँगोलिन, ते त्यांच्या ‘गुंडाळी होणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय.

आपलं अस्वलही घ्या. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, आणि ती खिंडच त्याच्या कामाची. ओठ पुढे काढून नळी करायची, नाकपुड्या मिटायच्या, फुंकरीने माती उडवायची आणि वाळवी सूं करून ओढून घ्यायची. तो आवाज शंभर मीटरच्या पलीकडेही जातो म्हणे. दात कमी, नखं लांब, एवढ्यावरून जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज पंडिताने 1791 मध्ये त्याला चक्क स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याच्या, जातीत टाकलं. इंग्रजीत ते अजून ‘स्लॉथ बेअर’ आहे. मग आपल्याच मांजराला का हसा!

पण मला मुळात लिहायचंय ते उधईवर. माझी आजी जळगावकडची. तिच्या तोंडी वाळवी नव्हतीच, उधईच. माळ्यावरची ट्रंक उघडली आणि पोथीच्या जागी मातीचा भुगा निघाला, तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, ‘उधईनं खाल्ली गं बाई.’ तेव्हा गुजराती-बिजराती काही नाही. दोन्ही भाषांनी एकाच आजीकडून घेतलेला शब्द आहे हा. मागे जा: प्राकृतात उद्देहिया, संस्कृतात उद्देहिका. आणखी मागे ब्राह्मणग्रंथांत (वेदांतल्या यज्ञांचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथांत) उपदीका, अथर्ववेदात उपजीका, आणि थेट ऋग्वेदात, आठव्या मंडलात, ‘यदत्त्युपजिह्विका’, म्हणजे ‘उपजिह्विका जे खाते ते’. अग्नीला म्हटलंय की वाळवीने खाल्लेलं लाकूडही तू तूप समजून घे. उपजिह्विका! उप-जिह्वा, पोटजीभ. आपली पडजीभ याच घडणीची. लाकडाला चाटत चाटत संपवणारी इवलीशी जीभ, आणि तिला संपवायला येते ती छातीतून निघालेली वीतभर जीभ.

काही विद्वान म्हणतात की शब्द मूळचा जिभेचा नाहीच. ‘उपदीका’सारखं काहीतरी आधी होतं आणि ते मागाहून जिभेकडे ओढलं गेलं. म्हणोत. सगळ्यात जुन्या ग्रंथातलं रूप नवं आणि नंतरच्या ग्रंथातलं जुनं, हे उलटं गणित त्यांनाच लखलाभ. याच उपदीकांनी शतपथ ब्राह्मणात धनुष्याची दोरी कुरतडून विष्णूचं शिर उडवलं, आणि त्याचं मोल म्हणून मागून घेतलं काय, तर वाळवंटातही पाणी सापडावं! पुढे ज्योतिषी वराहमिहिरानेही आपल्या बृहत्संहितेत विहिरीची जागा शोधायला वारूळ बघा म्हणून सांगितलंच आहे.

हां, तक्ता. मथळा ‘वाळवी खाणारे प्राणी’ असाच ठेवा, छान आहे. उधई लिहिलंत तर मला जास्त आवडेल, पण शाळेतल्या बाई कापतील. फक्त वारुळाशेजारी मुंगी काढू देऊ नका.