ट्रकचं इंजिन आणि मैत्रिणीचा फोन

प्रिय मावशी,

मी अकरावीत आहे. राहते कांजूरमार्गला, कॉलेज माटुंग्याला. आम्ही तिघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. दिवाळीनंतर वर्गणी काढून किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून 'ट्वायलाइट' या इंग्रजी प्रेमकथेची चारही पुस्तकं जुनी घेतली. एक पुस्तक तिघींत फिरायचं आणि जिला जे वाटेल ते तिने पेन्सिलने कडेला लिहायचं, असा आमचा नियम. पहिली दोन पुस्तकं खूप मजेत गेली. तिसऱ्यात, नायिका बेलाने तिचा मित्र जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिचा प्रियकर एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनाचा एक भाग काढून ठेवतो. तिथे माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं, 'असं जपणारं कुणीतरी हवं.' मी खाली लिहिलं, 'हे जपणं नाही, कोंडून ठेवणं आहे. आणि तुला ते कळत नाही म्हणजे कमाल आहे.'

तिने ते वाचलं आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, 'तुला एडवर्ड आवडत नाही, जेकबही आवडत नाही. तुला प्रेमातलं काय कळतं?' तीन आठवडे झाले, ती बोलत नाही. लोकलमध्येही दुसऱ्या डब्यात चढते.

आणखी एक सांगते. तिचा एक मित्र आहे, एकोणीस वर्षांचा. तो दिवसभर तिचं लोकेशन बघतो. लेडीज डब्यात बसली की फोटो पाठवायला लावतो. आमच्या वर्गातल्या मुलांचे नंबर त्याने तिला काढून टाकायला लावले. वर्गातल्याच एका साध्या, चांगल्या मुलाला ती मनापासून आवडते. मी तिला कितीदा म्हटलं, 'हा तुझा जेकब आहे, याला हो म्हण.' ती चिडते.

मी माफी मागू का? आणि मला दोघांपैकी कुणीच आवडत नाही, तर माझ्यातच काही कमी आहे का? चौथं पुस्तक माझ्याकडे पडून आहे. तिसरीच्या हाती पाठवून देऊ?

– तिघींतली एक

*

प्रिय मुली,

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. तुझ्यात काही कमी नाही. एखाद्या कादंबरीतला नायक आवडला नाही म्हणजे प्रेम कळत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. तुला कधी कोण आवडेल ते तुझं तुला कळेल. त्याची आज कुणाला हमी द्यायची गरज नाही, मैत्रिणीला तर नाहीच.

आता तुझी ती पेन्सिलची दोन वाक्यं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. पहिलं वाक्य एडवर्डबद्दल आहे. दुसरं तिच्याबद्दल. पहिलं तू बिनधास्त लिहावंस, त्यासाठीच तर तुम्ही पुस्तकाच्या कडा मोकळ्या सोडल्यात. दुसऱ्याबद्दल माफी माग. आणि मागताना पहिलं मागे घेऊ नकोस, नाहीतर तिला वाटेल की तू फक्त बोलणं सुरू व्हावं म्हणून मान हलवते आहेस.

ही पुस्तकं मी वाचली आहेत. 2005 ते 2008 या चार वर्षांत ती आली, तेव्हा माझी भाची तुझ्या वयाची होती आणि तिच्या उशाखालून काढून मी ती वाचली. 'फालतू प्रेमकथा' म्हणून ती बाजूला सारणाऱ्यांपैकी मी नाही. दुसऱ्या पुस्तकात एडवर्ड सोडून जातो, तिथली ती पानं आठवतात ना? ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पानावर महिन्याचं नाव, बाकी काही नाही. सोडून गेलेल्या माणसामागे दिवस कसे जातात ते लेखिका स्टेफनी मायरने त्या कोऱ्या पानांत सांगितलं आहे आणि मला ते फार खरं वाटलं. तुझ्या मैत्रिणीने त्या पानांच्या कडेला काय लिहिलं होतं, ते तू मला कळवलं नाहीस. बघ एकदा. माझा अंदाज आहे की तिथे काहीतरी असेल, आणि ट्रकच्या पानावर ती तशी का वागली त्याचं उत्तर तिथेच सापडेल.

ट्रकच्या प्रसंगाबद्दल मात्र मी तुझ्या बाजूची आहे. एडवर्डला जेकबची भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही, लांडग्याचं रूप घेणाऱ्या त्या मुलाला राग आवरला नाही तर बेलाच्या जिवावर बेतेल असं त्याला मनापासून वाटतं. तरीही भीती त्याची आणि ट्रक तिचा. त्याने तिला सांगायला हवं होतं, वाद घालायला हवा होता, आणि मग तिला जाऊ द्यायला हवं होतं. पुढे त्याच पुस्तकात त्याला स्वतःलाच हे उमगतं आणि तो अडवणं सोडतो. तुमच्या भांडणात हा भाग कुणाच्याच लक्षात राहिला नाही का? तुझ्या मैत्रिणीला तो दाखव. तिच्या लाडक्या एडवर्डनेच मान्य केलेली चूक आहे, तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ती त्याच्याकडून ऐकणं तिला सोपं जाईल.

त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. बेला रागाने घरात जाते, त्याला आत येता येऊ नये म्हणून खिडकी धाडकन बंद करते. त्या काचेकडे बघत राहते. आणि मग उसासा टाकून सताड उघडते. तू या ओळीवर नक्की चिडली असशील. मीही चिडले होते. पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ही खिडकी मला इतक्यांदा दिसली आहे की आता राग येत नाही. राग खरा असतो, आणि 'तो निघून गेला तर' ही धास्तीही तेवढीच खरी असते. तुझी मैत्रीण लोकेशन चालू ठेवते ते तिला काही कळत नाही म्हणून नव्हे. तिला कळतं. कॅन्टीनमध्ये ती एवढी का उसळली असेल असं तुला वाटतं? पुस्तकातल्या मुलाला कुणी नावं ठेवली म्हणून माणूस तीन आठवडे डबा बदलत नाही.

तुला माझ्या सतराव्या वर्षातलं सांगते. गिरगावात चाळीत राहायचे मी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखेतून शेजारची एक मैत्रीण आणि मी पाळीपाळीने पुस्तकं आणायचो. त्यात एकदा खांडेकरांची 'ययाति' आली. ज्ञानपीठ मिळून काही वर्षंच झाली होती, मागणी एवढी की आमचा नंबर लागायला महिने गेले. तिथेही एक पुरुष आणि दोन स्त्रिया, आणि गंमत अशी की ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू आपल्या तोंडाने सांगतात. मी शर्मिष्ठेवर जीव टाकला. राजकन्या असून दासी झाली, तरी मनाने एवढी मोठी! माझी मैत्रीण देवयानीची बाजू घ्यायची. मी तिला म्हणाले, 'त्या गर्विष्ठ बाईला कसलं दुःख?' ती म्हणाली, 'नवरा दुसरीकडे जातो आणि सगळ्या जगाला ते माहीत असतं, तिलाच शेवटी कळतं, हे दुःख नाही?' आमचं जिन्यात उभं राहून कडाक्याचं भांडण झालं. मी जिंकले, कारण माझा आवाज मोठा होता. पुढे बऱ्याच वर्षांनी मला समजलं की तिच्या वडिलांचं दुसरं घर होतं, आणि चाळीत माझ्याशिवाय सगळ्यांना ते माहीत होतं.

मी तेव्हा तिला एवढंच विचारायला हवं होतं: देवयानीचं तुला इतकं का लागतं गं? विचारलं नाही. ती खंत अजून आहे.

तुझी गोष्ट माझ्याहून बरी आहे, कारण तुला माहीत आहे. त्या मुलाबद्दल तुला काय वाटतं ते तू तिच्यासमोर बोलू शकली नाहीस, म्हणून सगळं एडवर्डच्या डोक्यावर फोडलंस. कागदावरच्या मुलाला बोलणं सोपं, तो उलट उत्तर देत नाही. पण ती ते बरोबर ओळखून होती. म्हणून पुस्तक आता या भांडणातून बाहेर काढ. खऱ्या मुलाबद्दल बोलायचं तर त्याच्याबद्दलच बोल.

कसं बोलायचं? गाडीत नको. विक्रोळी ते कुर्ला दहा बायका कान देऊन असतात. वर्गात नको, फोनवर तर मुळीच नको, कारण तिचा फोन कोण वाचतं ते आपल्याला ठाऊक आहे. कॉलेज सुटल्यावर माटुंगा स्टेशनपर्यंत चालत जाता ना, तेवढा रस्ता पुरे. तू डोळ्यांनी जे पाहिलंस तेच सांग, त्याच्यावर शिक्का मारू नकोस. 'तो वाईट आहे' म्हणालीस की ती त्याची वकिली सुरू करेल. त्यापेक्षा असं काहीतरी: 'त्या दिवशी तू फोटो पाठवण्यात गुंतलीस आणि आपली गाडी गेली. तुझा चेहरा उतरला होता. मला भीती वाटली. मला तुझी आठवण येते.' हे एकदा बोल आणि गप्प राहा. तिने विषय बदलला तर बदलू दे. 'सोड त्याला' असं म्हणू नकोस. आधीच एक जण तिला दिवसभर सांगतो आहे की कुणाशी बोल आणि कुणाशी नको.

आणि इथे मला तुझ्याशी थोडं कडक बोलायचं आहे, कारण पत्रातली मला सर्वांत खुपलेली गोष्ट तू अगदी सहज लिहून गेलीस. 'हा तुझा जेकब आहे, याला हो म्हण.' का? तो चांगला आहे, त्याला ती आवडते, म्हणून? अगं, त्याच तिसऱ्या पुस्तकात जेकब काय करतो ते आठव. बेलाची इच्छा नसताना जबरदस्तीने तिचं चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि स्वतःचाच हात मोडून घेते. जगभरच्या वाचकांनी वर्षानुवर्षं 'टीम एडवर्ड' आणि 'टीम जेकब' असे तट पाडले, टीशर्ट घातले. त्या दोन तटांत भांडताना हा ठोसा मारणारा हात फारसा कुणाला दिसला नाही. तुझ्या वर्गातला मुलगा तसा नसेल, त्याच्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण त्याच्या चांगुलपणाची परतफेड तुझ्या मैत्रिणीने करायची, हा हिशेब तू तिच्यावर लादते आहेस. एक तिला फोनवरून हलवतो, तू तिला वर्गातून ढकलतेस. तिने दोघांपैकी कुणालाच न निवडता बारावी केली तर? तुला एडवर्ड आणि जेकब दोघंही न आवडण्याची मुभा आहे, मग तिला का नसावी?

हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. तू तिच्यावर जीव लावतेस, म्हणूनच सोळाव्या वर्षी एवढं लांबलचक पत्र एका अनोळखी बाईला लिहिलंस.

एक गोष्ट मात्र मनाशी पक्की कर. तो तिला मारत असेल, तिचे फोटो पसरवीन म्हणत असेल, 'सोडलंस तर जीव देईन' म्हणत असेल, किंवा ती स्वतःच जगण्याला कंटाळल्यासारखं बोलायला लागली, तर हे गुपित पोटात ठेवायचं नाही. तिने शपथ घातली असली तरीही. तिच्या आईला, तुझ्या आईला किंवा ज्या बाईंवर तुमचा विश्वास असेल त्यांना त्याच दिवशी सांगायचं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 1098 हा मदतीचा फोन आहे, मन फारच खचलं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर आहे, आणि जिवावरचं संकट असेल तर 112. हे तिन्ही क्रमांक तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. तिच्याही वहीत लिही, हवं तर तुमच्या पेन्सिलनेच.

तुमच्यातल्या तिसरीबद्दल तू जवळजवळ काहीच लिहिलं नाहीस. ती बिचारी दोन डब्यांच्या मध्ये अडकली असणार, कुठल्या डब्यात चढायचं हा तिचा रोजचा पेच असेल. तिला निरोप्या करू नकोस. पुस्तक तिच्या हाती पाठवू नकोस.

चौथं पुस्तक तू स्वतः घेऊन जा. अजून तू ते उघडलं नसशील तर तसंच राहू दे, यावेळी पहिली पाळी तिची. तिच्या घरी गेलीस तर संध्याकाळी साडेसहाच्या आत जा, नंतर तिचे बाबा येतात आणि बोलता येत नाही, असं तूच लिहिलं आहेस, इथे न छापलेल्या दुसऱ्या कागदावर. पुस्तकात पेन्सिल घालून दे, टोक काढलेली.

– तुझी मावशी