दुसरं ९७० घेऊ नका, पण दोन कार्डांचा विचार सोडूही नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप, त्यात आय७-४७९०के प्रोसेसर, झेड९७ चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी डीडीआर३ रॅम, एनव्हिडियाचं एक जीटीएक्स ९७० ग्राफिक कार्ड आणि तेव्हाचाच ६५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). लॅमिंग्टन रोडवर अगदी तसंच दुसरं ९७० साडेचार हजारांत मिळतंय. ते शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं तर बहिणीचे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले इंटिरियरचे रेंडर (मॉडेलवरून तयार होणारी चित्रं) आणि तुमचे गेम, दोन्ही दुप्पट वेगाने चालतील का?

गेम नाही चालणार. रेंडर बऱ्यापैकी चालतील. आणि तरीही ते कार्ड घेऊ नका, असंच मी सांगेन. मी स्वतः लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन ९७० असलेलं मशीन चार वर्षं चालवलंय. रात्ररात्र रेंडर लावलेत. त्यातले कुठले पैसे सार्थकी लागले आणि कुठले पाण्यात गेले ते मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गेमचं बघू. एसएलआय ही दोन कार्डं जोडून चालवायची एनव्हिडियाची पद्धत. तिच्यात दोन कार्डं आळीपाळीने फ्रेम काढतात, एक याने, पुढची त्याने. सेकंदाला किती फ्रेम निघाल्या हे मोजलं तर आकडा वाढलेला दिसतो, पण दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही, आणि डोळ्याला खेळ अडखळल्यासारखा वाटतो. शिवाय प्रत्येक गेमसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळं प्रोफाइल लागतं. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवीन प्रोफाइल देणं थांबवलं. डायरेक्टएक्स १२ मध्ये (गेम आणि कार्ड यांना जोडणाऱ्या विंडोजच्या प्रणालीत) दोन कार्डं वापरायची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आली, आणि ती उचलणारे फारच थोडे निघाले. कंपनीचा कल तर आधीपासून दिसतच होता: २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला दोन कार्डं जोडणारा ब्रिज लावायची जागाच नव्हती, आरटीएक्स ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआय यांना एनव्हीलिंक (कार्डं जोडायची नवी सोय) होतं, ४० मालिकेत गेमिंगच्या एकाही कार्डाला नाही. आज नवा गेम लावलात तर दुसरं ९७० नुसतं गरम हवा फेकत बसेल.

मेमरीबद्दल मात्र बहुतेकांचा गैरसमज असतो. ४ जीबी अधिक ४ जीबी म्हणजे ८ नव्हे, ४ च. प्रत्येक कार्डाला सगळा माल आपापल्या मेमरीत ठेवावा लागतो. त्यातही ९७० ची गोष्ट वेगळी: त्याच्या ४ जीबीपैकी साडेतीन वेगवान आणि उरलेली अर्धी फार संथ, हे २०१५ च्या सुरुवातीला उघड झालं.

आता ब्लेंडर. बहिणीचं काम इथेच आहे, त्यामुळे इथे जास्त वेळ घालवतो.

ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्या सायकल्स इंजिनला एसएलआय लागतच नाही. ब्रिज लावू नका, ड्रायव्हरमधलं एसएलआय बंद ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिममध्ये गेलं की दोन्ही कार्डं वेगवेगळी दिसतात, दोन्हींवर खूण केली की इंजिन काम वाटून देतं. सारखी दोन कार्डं असतील तर वेळ जवळपास निम्म्यावर येतो. बारा तासांचा वॉकथ्रू (घरातून फिरवून दाखवणारा व्हिडिओ) मला साडेसहा तासांत मिळायचा. माझ्या मशीनमध्ये फायद्याचं ठरलेलं काम हे एकच.

ॲनिमेशनसाठी एक युक्ती सांगतो, ही वाया जाऊ देऊ नका. एकाच फ्रेमवर दोन्ही कार्डं लावण्याऐवजी ब्लेंडर दोनदा उघडायचं आणि प्रत्येकाला एकेक कार्ड द्यायचं. कूडा व्हिजिबल डिव्हायसेस (CUDA_VISIBLE_DEVICES) या व्हेरिएबलने, म्हणजे ब्लेंडर उघडण्याआधी करायच्या सेटिंगने, कुठल्या ब्लेंडरला कुठलं कार्ड दिसेल ते ठरवता येतं. मग आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद करायचं, प्लेसहोल्डर्स चालू करायचं. एकाने धरलेली फ्रेम दुसरा सोडून देतो आणि पुढची घेतो. सीन तयार होतानाचा वेळ, ज्यात कार्ड रिकामं बसतं, तो यात वाचतो. मात्र दोन ब्लेंडर म्हणजे साधी रॅमही दुप्पट, १६ जीबीत जड सीन असा चालणार नाही.

पण घोडं अडतं ते मेमरीवरच. रंगाचं एक ४के टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) कार्डात साधारण ६४ एमबी घेतं. सोफ्याचं कापड, पडदा, सागाचं लाकूड, फरशी, प्रत्येकाला रंगाबरोबर नॉर्मल (उठाव), रफनेस (खरखरीतपणा) असे आणखी नकाशे. एका दिवाणखान्यात ४ जीबी कधी संपते कळतही नाही. सीन मावला नाही तर दुसरं ४ जीबीचं कार्ड काय करणार? त्याच्यातही तो मावत नाहीच. म्हणजे तुमच्या बहिणीचा रेंडर जर मेमरीमुळे अडत असेल, तर साडेचार हजार खर्चूनही तो तिथेच अडेल.

त्यावर फुकटातला उपाय आहे, आजच करून बघा: रेंडर प्रॉपर्टीजच्या सिंप्लिफाय भागात रेंडरसाठी टेक्स्चरची मर्यादा २०४८ करा. बाजू निम्मी झाली की जागा चौथाई लागते, ६४ ची १६ एमबी. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात नसलेल्या वस्तूंमध्ये फरक दिसतही नाही.

तुमचा बोर्ड झेड९७ आहे म्हणून लेनची (कार्डापर्यंत डेटा नेणाऱ्या वाटांची) चिंता फारशी नाही. ४७९०के कडे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या १६ लेन आहेत, आणि दोन कार्डांचा झेड९७ त्या ८-८ अशा वाटून देतो. रेंडरला तेवढ्या पुरतात, कारण सीन एकदा आत गेला की कार्ड आपल्यातच रमतं. बी८५ किंवा एच९७ वाल्यांनी हे वाचत असाल तर सावध: तुमच्याकडचा दुसरा लांब स्लॉट बहुधा चिपसेटवरून येणारा ४ लेनचा असतो, त्यावर एनव्हिडियाचं एसएलआय सुरूच होत नाही. रेंडर होतो.

आता उष्णता आणि वीज, ज्यांचा दुकानात कोणी विषय काढत नाही. एक ९७० म्हणजे १४५ वॉट, दोन म्हणजे २९०, वर ८८ वॉटचा प्रोसेसर. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. मे महिन्यात आमच्या खोलीत रात्री अकरालाही बत्तीस अंश असायचे. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढायचं, त्यामुळे खालचं ६८ वर असताना वरचं ८३ ला पोचायचं आणि स्पीड आपोआप उतरायचा. कॅबिनेटचं पुढचं झाकण काढून टेबलफॅन लावला तेव्हा कुठे सात-आठ अंश उतरले. समुद्राजवळच्या खारट, दमट हवेत धूळ हीटसिंकवर चिकट थर करून बसते, नुसती फुंकर मारून निघत नाही. दर पावसाळ्यानंतर मला कार्ड उघडून ब्रशने साफ करून नवी थर्मल पेस्ट लावावी लागायची.

आणि एसएमपीएस. दुसऱ्या कार्डाला सहा पिनच्या दोन वायरी कमी पडत होत्या, म्हणून मी एका दुकानातून हार्ड डिस्कच्या चार पिनवरून सहा पिन काढणारा स्वस्त जोड आणला. दोन महिन्यांनी रात्री जळका वास आला. उठून पाहिलं तर प्लास्टिक वितळून पिवळी वायर उघडी पडलेली. आई त्याच खोलीत झोपलेली होती. त्या दिवसापासून ग्राफिक कार्डाला मी एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलखेरीज काहीही लावलेलं नाही, तुम्हीही लावू नका. तुमचा एसएमपीएस ६५० वॉटचा असला तरी दहा वर्षांहून जुना आहे. त्यातले कपॅसिटर आता तेवढा भार घेतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. काहीही अपग्रेड केलंत तरी पहिला खर्च नव्या, चांगल्या एसएमपीएसवर करा.

शेवटचं कारण ड्रायव्हरचं. ९७० ज्या मॅक्सवेल पिढीतलं आहे तिच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची अखेरची शाखा. ऑक्टोबर २०२५ नंतर या कार्डांना नवीन गेमचे ड्रायव्हर नाहीत, ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. ज्या कार्डाचा रस्ता संपत आलाय, तसलंच आणखी एक घरात आणायचं कशाला?

मग घ्यायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर एकच आरटीएक्स ३०६० घेतलं असतं, आणि नीट बघून १२ जीबीचंच, कारण त्याच नावाखाली ८ जीबीचंही विकलं जातं. १७० वॉट, म्हणजे दोन ९७० पेक्षा कितीतरी कमी. रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याची) वेगळी यंत्रणा आत असल्याने, ती वापरणारा ऑप्टिक्स हा पर्याय निवडला की सायकल्समध्ये ते दोन ९७० ना सहज मागे टाकतं. शिवाय ते पूर्ण १६ लेनचं कार्ड आहे. जुन्या बोर्डासाठी हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेनचं आहे, ३.० च्या स्लॉटमध्ये त्याचा दम कोंडतो. इंटेलची आर्क कार्डं रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीशिवाय) बरीच मंद चालतात आणि तुमच्या काळच्या बोर्डांवर ती सोय नसते. स्वस्त दिसली तरी ही दोन्ही टाळा.

जुनं ९७० विकायची घाई नको. ते दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा आणि मॉनिटर त्याला जोडा, म्हणजे रेंडरच्या वेळी ३०६० ची सगळी १२ जीबी सीनला मिळते. लहान सीनला दोन्हींवर खूण करा, मोठ्याला ९७० ची खूण काढून टाका. गेम खेळताना केबल ३०६० ला. फक्त ९७० मशीनमध्ये आहे तोवर तुम्हाला ५८० च्याच ड्रायव्हरवर राहावं लागेल, आणि एसएमपीएसचा हिशेब दोन्ही कार्डं धरून करावा लागेल. दोन कार्डांचा विचार सोडू नका म्हटलं ते याच अर्थाने.

प्रोसेसरबद्दल खोटी आशा लावत नाही. चार कोअर, आठ थ्रेड नव्या मोठ्या गेममध्ये धापा टाकतात, कार्ड कितीही चांगलं असो. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बहीण ब्लेंडरच वापरत असेल तर लिनक्सवर ते उत्तम चालतं. चांगली गोष्ट अशी की कार्ड, एसएमपीएस आणि साटा एसएसडी पुढच्या मशीनमध्ये जसेच्या तसे जातात. डीडीआर३ रॅम जात नाही, म्हणून तिच्यावर गरजेपुरतेच पैसे घाला. बोर्ड ३२ जीबीपर्यंतच घेतो.

खरेदीला रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात. मधल्या दिवशी दुपारी गेलात तर दुकानदाराला वेळ असतो. वापरलेलं कार्ड घेत असाल तर काउंटरवरच लावून दाखवायला सांगा, जीपीयू-झेड उघडा (नाव बदललेलं बनावट एनव्हिडिया कार्ड ते ओळखतं), आणि पंधरा मिनिटं पूर्ण भार देऊन पंख्याचा आवाज ऐका. वॉरंटी शिल्लक असेल तर बिल आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळवून बघा. चाचणीला नकार देणाऱ्याकडून घेऊ नका. भाव कमी करून मागण्यापेक्षा ती पंधरा मिनिटं मागा.

त्याआधी घरी एक काम करा. बहिणीचा सर्वांत जड सीन उघडा, एक फ्रेम रेंडर करा आणि तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी आणि साधी रॅम किती भरली ते लिहून घ्या. मग टेक्स्चरची मर्यादा लावून पुन्हा तेच. चारही आकडे आणि दोन्ही वेळा इथे कळवा. रॅम चौदा जीबीच्या पुढे जात असेल तर कार्डाच्या बजेटमधून थोडे पैसे तिच्यासाठी काढावे लागतील, ते तेव्हा बसून ठरवू.