‘सुकती’ लिहावं की ‘ओहोटी’?

प्रश्न असा आला आहे: दाभोळ खाडीकाठच्या एका ताईंनी कवितेत लिहिलं, ‘संकष्टीचा चंद्र आला सुकतीच्या खाजणावर, दूर काठाशी लाटांचा कोणी धरलेला स्वर.’ (खाजण म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी खाडीकाठची चिखलाची जमीन.) पुण्याच्या मैत्रिणीने ‘सुकती’ खोडून ‘ओहोटी’ केलं. तिचं म्हणणं, सुकती हा बोलीतला शब्द आहे आणि वाचणाऱ्याला दुष्काळ आठवेल. ताई विचारतात, प्रमाण मराठीत सुकती चालतो का? आणि दोन्हींचा अर्थ एकच का?

चालतो, आणि ताठ मानेने चालतो. घडणच पाहा. गळणे–गळती, गणणे–गणती, भरणे–भरती, तशीच सुकणे–सुकती. भरतीला शोभणारी, तिच्याच साच्यातून निघालेली जोडीदारीण सुकतीच आहे. किनाऱ्यावर ‘भरती-सुकती’ हा जोडशब्द रोजच्या तोंडातला. मालवणीत ‘चला, सुकतीक मुळे काढूक जावया’ असं सहज ऐकू येईल; मुळे म्हणजे चिखलातले खाण्याचे शिंपले.

अर्थाचं म्हणाल तर घटना एक, पण पाहणारा वेगळ्या जागी उभा आहे. ओहोटी म्हणताना नजर मागे जाणाऱ्या पाण्यावर असते. सुकती म्हणताना ती उघड्या पडलेल्या जमिनीवर येते. कोकणातल्या नदीला हे फार लागू आहे. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या सगळ्या सह्याद्रीतून उतरून थोडक्या अंतरात समुद्राला भिडणाऱ्या नद्या. शेवटच्या टप्प्यात त्यांना कोणी नदी म्हणत नाही, खाडी म्हणतात, कारण तिथे पाणी दिवसातून दोनदा उलटं चढतं. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळला आत शिरलेली भरती पार चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत पोचते. ‘नदी सागराला मिळते’ ही कवितेतली ठरलेली ओळ इथे अर्धीच खरी आहे. सागरही नदीला भेटायला घरापर्यंत येतो.

आणि मग तो परत जातो, तेव्हा काय दिसतं? होड्या एका कुशीवर कललेल्या. तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, बोटाएवढी मुळं चिखलातून हजारोंनी वर आलेली. कुर्ल्या बिळाच्या तोंडाशी. ओल्या चिखलातून बारीक बुडबुडे फुटण्याचा आवाज, जो एकदा ऐकला की विसरत नाही. गुडघाभर पाण्यात बायका वाकलेल्या, पायाच्या बोटांनी मुळे चाचपताहेत, हाताने उपसून टोपलीत टाकताहेत. खडकाच्या बाजूला कोयतीने कालवं फोडणं चालू. ही सगळी कामाची वेळ आहे. घड्याळ बघून नव्हे, सुकती बघून घर सोडायचं.

इथेच मला त्या दुरुस्तीचा खरा तोटा दिसतो. ‘ओहोटी’ला मराठीने एक वेगळं ओझं दिलं आहे. लोकप्रियतेला ओहोटी लागली, धंद्याला ओहोटी लागली. त्यामुळे कवितेत ओहोटी आली की वाचणारा आपोआप काहीतरी सरल्याचं दुःख शोधतो. सुकतीला ते चिकटलेलं नाही. उतार, ऱ्हास, गमावणं हे सांगायचं असेल तर ओहोटी जरूर लिहा, तो थोर शब्द आहे. पण खाजणाचं रोजचं उघडं पडणं सांगायचं असेल तर सुकतीला पर्याय नाही. पुराशीही गल्लत नको: पूर ओसरतो, सुकत नाही.

दुष्काळ आठवेल ही भीती शेजारच्या ‘खाजण’ने मिटते. शब्दाला सोबत नीट दिली की त्याचा अर्थ सांगत बसावं लागत नाही. ‘उधाण’ नाही का घाटापलीकडे रुजलं? अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा हा शब्द, आता आनंदाला उधाण कोणाच्याही येतं. त्याचा जोडीदार ‘भांग’, म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती, मात्र किनाऱ्यावरच राहिला. मला त्याची हळहळ वाटते. मनाच्या संथ, अर्ध्यावर थांबलेल्या दिवसांना याहून चांगला शब्द कुठे आहे?

ताईंच्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे, जी त्यांनी मुद्दाम साधली की नजरेच्या सवयीने आली हे मला माहीत नाही. जुने लोक भरतीचा ढोबळ हिशेब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे रात्री सव्वानऊ. खाडीत आत जाल तशी वेळ थोडी मागे पडते. आणि संकष्टीचा चंद्र? तोही बहुधा नऊच्या आगेमागे उगवतो. म्हणजे उपास सोडायला चंद्र बघायला अंगणात आलं की समोर खाजण उघडंच असणार. ओळ शब्दशः खरी आहे.

म्हणून सुकती ठेवा. दुसऱ्या ओळीतल्या लाटा मात्र काढा. खाडीच्या आतल्या काठाला, पूर्ण सुकतीच्या वेळी, लाट नसते. त्या जागी तुमच्या अंगणातून रात्री नऊला जे ऐकू येतं ते लिहा.