युफोर्बियाची पानं पिवळी पडून गळतायत, फुलंही कमी झालीत. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय? छाटणी केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पानं गळायला लागल्यापासून रोज पाणी घालताय. आधी ते थांबवा. बाकीचं सावकाश बघू.

काटे आणि लाल-गुलाबी फुलं असं वर्णन केलंय, म्हणजे हा युफोर्बिया मिली असणार. रोपवाटिकेत याला ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ही म्हणतात. मूळचा मादागास्करचा. तिथल्या कोरड्या, खडकाळ जागी वाढणारं हे झाड जाड खोडात पाणी साठवतं आणि ताण पडला की पानं टाकून देतं. गोंधळ होतो तो इथेच. तहानेनं पानं गळतात तशी मुळं कुजल्यानेही गळतात, आणि आपण दोन्ही वेळा पाण्याचा डबाच उचलतो. माझं पहिलं झाड मी असंच मारलं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं असायचं आणि मी वरून आणखी ओतत होतो. एक दिवस सहज हात लावला, तर खोड बुंध्याशी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबलं.

तुम्हीही तेच करून बघा. काटे सांभाळून जमिनीलगत खोड अंगठ्याने दाबा. टणक लागलं आणि माती खोलवर कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे, एकदा भरपूर पाणी द्या. खोड जरा सुरकुतलं असेल तरी हेच. मऊ लागलं, वास आला, तर बुंधा गेलाय. मग वरचा निरोगी शेंडा कापून नवीन रोप करणं एवढंच हातात उरतं.

‘दुष्काळ सोसतं’ म्हणजे पाणी नकोच, असा अर्थ काढू नका. वाढीच्या दिवसांत वरची दोन-तीन इंच माती सुकली की तळातून निथळेपर्यंत पाणी द्यायचं आणि पुन्हा सुकेपर्यंत विसरायचं. थंडीत त्याहून कमी. रोज घोटभर देणं सगळ्यात वाईट. मातीत निम्मी तरी जाड वाळू किंवा बारीक खडी हवी. पाऊस लागणाऱ्या जागी वाफा उंच करा.

फुलांसाठी ऊन. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर खत घालून काही होत नाही; नत्र जास्त झालं तर उलट पानंच माजतात. गंमत म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो त्या दोन रंगीत पाकळ्या म्हणजे खरं तर पानंच (सहपत्रं). खरी फुलं मध्यभागी, अगदी बारीक. म्हणून तर हा ‘बहर’ इतका टिकतो.

छाटणी जरूर करा. पानं नव्या वाढीवरच येतात, गळलेल्या जागी सहसा परत येत नाहीत, त्यामुळे जुनं झाड खाली उघडं आणि वर झुपकेदार दिसतं. छाटलं की खालून फांद्या फुटतात. पण चीक! कापताक्षणी पांढरे थेंब टपकतात आणि ते त्वचेला झोंबतात. शेराच्या चिकाची धास्ती माहीत असेल तर हाही त्याच कुळातला. मी एकदा हातमोजे काढले आणि त्याच मोज्याच्या पाठीने कपाळावरचा घाम पुसला. घामाबरोबर चीक डोळ्यात उतरला. दुपारभर डोळा उघडता येईना. तेव्हापासून छाटताना चष्मा लावतो. त्वचेवर लागला तर साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने चिकटपणा जात नाही. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि थेट डॉक्टर गाठा. लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तर झाड त्यांच्या वाटेपासून लांब लावा.

कापलेले शेंडे टाकू नका. चार इंचांचा तुकडा पाण्यात बुडवला की चीक थांबतो. मग तो सावलीत आठवडाभर तसाच पडू द्या. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरली की वाळूत खोचा. घाईघाईने ओलाच लावलात तर कुजतो.

आता आधी तो अंगठा लावून बघा आणि खोड कसं लागलं ते खाली कळवा.