अधिक-उणं लिहिल्याशिवाय आकडा लिहू नकोस

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कणभौतिकी, माणसांच्या सोबतीनं काम करणारे रोबो आणि मऊ पदार्थांचं विज्ञान असे तीन रकाने आखून प्रत्येकाखाली तू 'स्कोप', 'फेलोशिप', 'नोकरी', 'घरचे काय म्हणतात' असं लिहिलं आहेस. तक्ता मी एकदा वाचला आणि बाजूला ठेवला. मग सोबतचा, केळी धरणाऱ्या रोबोच्या मऊ बोटांवरचा तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट उघडला. त्यात एका पानावर लिहिलंय: 'सिलिकॉनच्या बोटांनी एक कच्चं केळ न डागाळता धरायला लागणारं बळ ४.३७ न्यूटन.' पुढे पूर्णविराम. त्या पूर्णविरामापाशी मी अडलो, आणि हे पत्र तिथूनच लिहितोय.

४.३७ म्हणजे काय ग? ४.३६ का नाही? ४.८ का नाही? बोट पहिल्यांदा दाबलं तेव्हाचं हे बळ, की विसाव्यांदा? केळी किती घेतलीस, आणि ती एकाच घडाची होती का? सकाळी मोजलंस की दुपारी? अधिक-उणं, म्हणजे आकडा किती मागेपुढे असू शकतो ते, लिहिल्याशिवाय आकडा लिहू नकोस, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी फळ्यावर लिहितो. तू पहिल्या बाकावर होतीस. जर्नलमध्ये गुण मिळतात म्हणून तू तेव्हा लिहायचीस, आणि प्रोजेक्ट स्वतःचा झाला तेव्हा सोडून दिलंस. याचा मला राग आला आहे, तो लपवत नाही.

तुझे वडील रावेरला काट्याला उभे राहतात तेव्हा काय बघतात ते आठव. रिकामा काटा शून्यावर आहे का, हे आधी बघतात. घडाच्या दांड्याचं वजन किती धरलं ते विचारतात. व्यापाऱ्यानं सांगितलेला आकडा ते तसाच घरी आणत नाहीत. घरात एवढी शिकवण असताना लॅबमध्ये शिरल्यावर ती उंबऱ्याबाहेर कशी राहिली?

आता तुझा लोडसेल, म्हणजे बळ मोजणारं ते उपकरण. ॲल्युमिनियमचा तो बोटभर ठोकळा, मध्ये आरपार भोक, वर पांढऱ्या लेपाखाली दडलेले, ठोकळा किती वाकला ते टिपणारे स्ट्रेन गेज, आणि लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार केसासारख्या तारा. त्याच्यावर काहीही न ठेवता संगणकाकडे बघत बस. आकडा सरकतो. आपल्या लॅबवर पत्रे आहेत. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा आत ठोकळा तापतो, गेज तापतो, डिंक तापतो, आणि शून्य हळूहळू निघून जातो. तू दर वेळी 'टेअर'चं बटण दाबून त्याला परत शून्यावर आणलंस आणि समजलीस की काम झालं. पण शून्य हलतोय ही माहिती होती, आणि ती तू पुसून टाकलीस. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत रिकाम्या लोडसेलचं रीडिंग घेतलं असतंस, तर तुझ्या ४.३७ मधला ३७ किती खरा, हे त्या आलेखानंच सांगितलं असतं.

सिलिकॉनचंही तसंच. नवी पट्टी पहिल्यांदा ताणायला जास्त बळ लागतं. तेवढ्याच लांबीपर्यंत दुसऱ्यांदा ताणली की कमी लागतं, तिसऱ्यांदा आणखी थोडं कमी, आणि मग ती बऱ्यापैकी स्थिरावते. भराव म्हणून बारीक पूड मिसळलेल्या रबरात हे ठळक दिसतं, याला मलिन्स परिणाम म्हणतात. शिवाय ताणून धरलेलं रबर धरलेल्या जागीच सैल पडत जातं आणि टांगलेल्या वजनाखाली लांबत राहतं. म्हणून मऊ पदार्थाचं बळ सांगायचं तर त्याला आधी किती वेळा, किती वेगानं, किती काळ ताणलं होतं, हेही सांगावं लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या एका नोकरीत लॅबच्या कोपऱ्यात मी रबराच्या पट्ट्यांना वजनं टांगून ठेवली होती. पट्टीमागे मिलिमीटरचा कागद, आणि रोज एक नोंद. सुरुवातीला लांबी भराभर वाढते, मग सावकाश, आणि कागदावर वेळेचा लॉगरिदम घेतला की रेघ सरळ होत जाते. ती रेघ वाढताना बघण्याचा आनंद मी तुला शब्दांत देऊ शकणार नाही. मग एक समिती येणार म्हणून लॅब नीटनेटकी करायचा हुकूम निघाला, आणि कुणीतरी सगळी वजनं उतरवून कपाटात ओळीनं मांडून ठेवली. मऊ पदार्थाचा असा प्रयोग मध्येच तोडला की जिथे थांबला तिथून पुढे चालू होत नाही, पहिल्यापासूनच सुरू करावा लागतो. मी सुरू केला. सहकारी विचारायचे, यातून पेपर कधी निघणार? निघाला नाही. पण त्या वह्यांमधल्या प्रत्येक आकड्यासमोर अधिक-उणं आहे, आणि आजही कुणी तपासायला आलं तर मी मान वर करून वही पुढे ठेवीन. खंत आहे ती वेगळीच: मी त्या नोकरीतून निवृत्त झालो आणि त्या पट्ट्यांकडे बघणारं मागे कुणी उरलं नाही.

त्याही आधी, तरुणपणी, दूरच्या एका शहरात प्लास्टिकच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. तिथे माझा अहवाल परत आला. वर शेरा होता की अधिक-उण्याचे आकडे काढावेत, गिऱ्हाईक बिचकतं. मी काढले नाहीत. मग अहवालांवर सही करायचं काम माझ्याकडून गेलं, आणि काही काळानं मीच खानदेशात परत आलो. लोक म्हणाले, हट्टीपणानं करिअर घालवलं. मी काय घालवलं ते मला ठाऊक आहे. मुंबईची संधी, मोठी उपकरणं, बरोबरीच्या माणसांशी रोजचं बोलणं, हे सगळं गेलं, आणि त्याची बोच आहे. पण त्या अहवालावर बिनअधिक-उण्याची सही केली असती, तर पुढे एकाही मुलाला जर्नल परत करण्याचा हक्क मला राहिला नसता. हे मी तुला पटवतोय की स्वतःला, असं तू म्हणशील. दोघांना पटवतोय.

आता तुझे तीन रकाने. स्कोपचं बाजूला ठेव. तिन्ही ठिकाणी अधिक-उणं लिहावंच लागतं, पण ते वेगवेगळ्या ठिकाणाहून येतं. तुला निवड करायची आहे ती इथे.

कणभौतिकीत इलेक्ट्रॉन जळगावचा असो की जिनिव्हाचा, तोच असतो. त्याच्यात भेद नाही, म्हणून अनिश्चितता मोजणीची असते: एक भाग योगायोगाचा, दुसरा उपकरणाचा. ४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाची घोषणा झाली, तेव्हा ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही गटांनी पाच सिग्माची पातळी गाठली होती. म्हणजे कण नसताना नुसत्या योगायोगानं आलेखात एवढा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. एवढी कडक अट का, ते पुढच्याच काही वर्षांत दिसलं. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही गटांना ७५० जीईव्ही एवढ्या ऊर्जेच्या आसपास एक उंचवटा दिसला, पाच सिग्माच्या बराच खाली. तरी जगभरच्या सिद्धान्तवाल्यांनी त्यावर शेकडो पेपर लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त विदा आली आणि उंचवटा विरून गेला. प्रयोगवाल्यांनी अधिक-उणं लिहिलं होतं म्हणून त्यांची मान खाली गेली नाही.

आणि उपकरणाचा भाग किती फसवा असतो, तेही ऐक. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगानं सांगितलं की सर्नहून ७३० किलोमीटरवरच्या, इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. त्यांचं अधिक-उणं दहाएक नॅनोसेकंदांचं होतं, म्हणजे कागदावर दावा भक्कम. पुढे सापडलं की ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. हजार वेळा मोजलं असतं तरी ही चूक सरासरीत विरली नसती, कारण ती दर वेळी एकाच दिशेला ढकलत होती. तुझा दुपारचा शून्य अगदी याच जातीचा आहे. म्हणून 'मी दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली' हे मला सांगू नकोस.

तू लिहिलंस, कणभौतिकी म्हणजे परदेश. का? कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो १९६५ मध्ये पकडले. सीएमएसचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा भाग, टीआयएफआरनं बांधला. पण एक विचार कर: तिथे हजारो जणांच्या यादीत तुझं नाव असेल आणि वर्षानुवर्षं तुझ्या वाट्याला एका सुट्या भागाचं अधिक-उणं येईल. ते कमी दर्जाचं काम नाही. तुला ते पुरेल का, एवढाच प्रश्न.

मऊ पदार्थांत अनिश्चितता नमुन्यातच असते, ते वर सांगितलं. इथे पैसे कमी लागतात, एका माणसाला आख्खा प्रयोग हाताळता येतो, आणि पुण्याला एनसीएल आहे, आयसर आहे, अशा संशोधन संस्था जवळच आहेत. माझा जीव इकडे ओढतो हे तुला दिसतंच आहे, तेवढी वजावट करून वाच.

रोबोंच्या बाबतीत मात्र तू फार हलकेपणानं लिहिलं आहेस. माणूस मध्ये आला की अनिश्चितता माणसांतून येते, आणि तिला चूक म्हणायचं नाही. माणसं वेगवेगळी असतात, एवढाच तिचा अर्थ. २०१६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १५०६६ क्रमांकाचं तांत्रिक विवरण काढलं, त्यात रोबोचा धक्का लागला तर शरीरावरच्या २९ ठिकाणी किती दाब चालेल याच्या मर्यादा आहेत. किती दाबाला दुखायला लागतं, हे माणसांवरच मोजावं लागलं. जयपूर फूट आठव. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा पाय घडवला तो उकिडवं बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी. मऊ पदार्थ आणि माणूस, दोन्ही त्यात आहेत. आणि तू? 'वापरकर्त्यांचा अभिप्राय' म्हणून वर्गातल्या चार मुलांना विचारलंस! पॅकहाऊसमध्ये दिवसभर फण्या सोडवून धुणाऱ्या बाया तुझ्या गावातच आहेत. त्यांचे हात चिकानं काळे पडलेले असतात, त्यांची उंची तुझ्या टेबलाशी जुळत नाही, आणि केळ किती दाबल्यावर उद्या काळं पडेल हे त्यांना बोटांनी कळतं. त्यांच्यातल्या एकीलाही तू ते बोट दाखवलं नाहीस. रोबोत जायचं असेल तर पहिला प्रयोग तिथे कर, आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा लिही. सगळ्यांची सरासरी काढशील तर ती त्यांच्यातल्या एकीच्याही हाताला लागू पडणार नाही.

माझ्यावर चिडू नकोस. ते बोट तू स्वतः ओतलंस, साचा फाटला तेव्हा दुसरा केलास, बुडबुडे काढायला पंप नव्हता तर मिश्रण उंचावरून बारीक धारेनं ओतलंस, हे सगळं मी रिपोर्टात वाचलं. हे कुणी शिकवलेलं नाही. म्हणून तर तो पूर्णविराम इतका लागला. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्या रिपोर्टावर मी नुसती सही केली असती.

जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भर, त्यात वेळ काढू नकोस. घरच्यांशी बोलायला मी येईन, वडिलांना काट्याचीच भाषा सांगेन. पण तीनपैकी कोणतं, हे मला विचारण्याआधी तोच प्रयोग पुन्हा कर. एका घडाची केळी, मग दुसऱ्या घडाची. नवं बोट, मग शंभरदा दाबलेलं बोट. सकाळ, मग दुपार. तिन्ही कारणांनी आकडा किती हलतो ते वेगवेगळं काढ. त्यातलं कुठलं कारण खणताना तुला जेवणाची आठवण राहिली नाही, ते मला कळव. त्यावर बोलू.

फाइल पाठवशील तेव्हा सगळी रीडिंग पाठव, टाकून दिलेलीसुद्धा. सरासरी मी काढीन.

तुझा,
सर

ता. क. लोडसेल तासभर आधी चालू करून ठेवत जा. चालू केल्याबरोबर घेतलेलं रीडिंग धरायचं नाही, पण त्याची वेळ वहीत लिहायची.