न्यूज ॲपमध्ये आपला लेख धड का दिसत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इंदूरचे काही जण मिळून एका मराठी मासिकाची वेबसाइट चालवतो, इथल्या गणेशोत्सवाचे, नाटकांचे वृत्तांत, राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांवर लेख वगैरे. साइटवर सगळं छान दिसतं, पण न्यूज ॲपमध्ये तोच लेख उघडला की फोटोच्या जागी आमचा लोगो, लेखकाच्या जागी 'ॲडमिन', वेळ भलतीच, आणि लेख चक्क हिंदीच्या रकान्यात! ॲपवाल्यांना मेल केला, उत्तर नाही. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, ॲपवाल्यांचा नाद सध्या सोडा, यातलं जवळपास सगळं तुमच्याच हातात आहे. ॲप तुमचं पान आपल्यासारखं बघत नाही, ते पानाच्या कोडमधली माहिती आणि आरएसएस फीड (नव्या लेखांची साइट आपोआप बनवते ती यादी) वाचतं, आणि तिथे काही लिहिलेलंच नसेल तर सरळ अंदाज ठोकतं.

हिंदीचं आधी घेते. मराठी-हिंदी दोन्ही देवनागरी, त्यामुळे मशीनला भाषा सांगावीच लागते. तुमच्याकडे बहुतेक हिंदी साइटची थीम (तयार साचा) उचलून दिलेली असणार आणि कोडच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एचआय' (hi, म्हणजे हिंदी) राहिली असणार. तिथे 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) हवं, फीडच्या लँग्वेज टॅगमध्ये पण आणि न्यूज साइटमॅप (बातम्यांच्या पानांची यादी) असेल तर त्यातही. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल तर जनरल सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा, थीमवाल्याने हाताने काही कोंबलं नसेल तर पान आणि फीड दोन्ही सुधारतं. इंदुरात मराठी टिकावी म्हणून तुम्ही मंडळी एवढी झटता आणि दोन अक्षरांपायी लेख मराठी वाचकापर्यंत पोचत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे आजच करा.

फोटोसाठी प्रत्येक लेखाला ओजी इमेज टॅग (og:image, मुख्य फोटो कोणता ते सांगणारी कोडमधली ओळ) लागतो, तो नसला की ॲप पानावर सापडेल ते चित्र उचलतं आणि तुमच्याकडे सगळ्यात वर लोगोच आहे. फोटो निदान १२०० पिक्सेल रुंद ठेवा, पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण द्या, अर्धवट पत्ता दिला तर फीडमध्ये रिकामी चौकट दिसते. लेझी लोडिंगचं (वाचक खाली जाईल तसे फोटो उघडणारं) प्लगइन असेल तर तेही बघा, कधीकधी फीडमध्ये खऱ्या फोटोऐवजी करडा ठोकळाच जातो.

'ॲडमिन' जाण्यासाठी प्रत्येक लेखकाचं वेगळं अकाउंट करा, एवढंच.

वेळेचा घोळ मात्र नीट समजून घ्या. लेख सकाळी ८ ला टाकला आणि कोडमध्ये नुसतं ८ लिहिलं, पुढे भारताचं +०५:३० नाही, तर ॲप ते ग्रिनिचचं ८ समजू शकतं म्हणजे आपले दुपारचे दीड, मग सकाळी लेख एकतर भविष्यातला ठरतो किंवा दिसतच नाही. वर्डप्रेसमध्ये टाइमझोन कोलकाता निवडा. आणि नंतर शुद्धलेखन सुधारलं म्हणून प्रकाशनाची तारीख पुढे ढकलू नका, बदलाची तारीख वेगळी असते, डेट मॉडिफाइड. फीडमधला जीयूआयडीपण (लेखाची ओळखखूण) तोच राहू दे, बदलला की वाचकाला एकच लेख दोनदा दिसतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण मराठी साइट्सवर सर्रास दिसतं. सुंदर अक्षरातलं शीर्षक फोटोतच बनवून टाकतात आणि खरं शीर्षक 'अंक १२' एवढंच ठेवतात, मग ॲपमध्ये तेवढंच येणार ना! मासिकाच्या छपाईच्या फाइलमधून श्रीलिपीचा (छपाईच्या जुन्या फॉन्टमधला) मजकूर तसाच चिकटवला तर ॲपमध्ये नुसती चिन्हं उमटतात, आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या.

सगळं झालं की फीडचा पत्ता डब्ल्यूथ्रीसीच्या (W3C) फीड व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे फीड तपासणाऱ्या साइटवर, टाका आणि एखाद्या लेखाचा गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये, लाल खुणा दिसल्या तर त्याचा स्क्रीनशॉट साइट बनवणाऱ्याला पाठवा. ॲपमध्ये जुना फोटो थोडे दिवस तसाच राहील, कारण त्यांनी आधीची प्रत साठवलेली असते, त्यामुळे तपासायचं ते नव्या लेखावर तपासा.