वाचक विचारतात: एक बटण दाबलं की टर्मिनल खाली आलं पाहिजे

प्रश्न: मी उबुंटू लिनक्स वापरतो, दिवसातून शंभरदा टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) लागतं. ब्राउझरच्या आणि एडिटरच्या खिडक्यांत ते कुठं दडून बसतं काही कळत नाही, ऑल्ट-टॅब करून बोटं दुखतात. ऑफिसातला एक जण एफ१२ दाबतो आणि त्याचं टर्मिनल वरून पडद्यासारखं खाली येतं, परत दाबलं की गायब. त्याला विचारून मी पण ग्वेक नावाचं तसलंच टर्मिनल टाकलं. पण माझ्याकडं एफ१२ कधी चालतं कधी नाही, आणि ब्राउझरमध्ये असलो तर भलतंच काहीतरी उघडतं. माझं काय चुकतंय?
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये, फक्त दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी आलीत.

आधी हे पडद्यासारखं टर्मिनल आलं कुठून ते सांगतो कारण नावाचा घोळ त्यातच आहे. १९९६ साली क्वेक नावाचा गेम आला, त्यात टॅबच्या वरचं, म्हणजे १ च्या डावीकडचं बटण दाबलं की वरून एक कन्सोल सरकत खाली यायचा, त्यात कमांड टाईप करायची (आम्ही काय टाईप करायचो ते सांगत नाही, भिंतीतून आरपार जायची सोय होती एवढंच). लिनक्सवाल्यांना ती कल्पना इतकी आवडली की केडीई या डेस्कटॉपवर क्वेकच्या चालीवर याक्वेक आलं, नोम या डेस्कटॉपवर (उबुंटूत हाच असतो) ग्वेक आलं. दोघांचंही ठरलेलं बटण एफ१२.

आता पहिलं दुखणं. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी आणि बटणं पोचवणारी जी जुनी व्यवस्था, एक्स११, तिच्यात कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकायचा की बाबा हे बटण माझं, तू कुठल्याही खिडकीत असलास तरी मला कळव. सोयीचं होतं पण त्याच वाटेनं एखादा लबाड प्रोग्रॅम तुमचा पासवर्डही ऐकू शकत होता. तिच्या जागी आलेल्या वेलँडनं ते दार बंद केलं, बटण आधी डेस्कटॉपकडं जातं आणि मग समोर जी खिडकी आहे तिलाच मिळतं. उबुंटूत २१.०४ पासून बहुतेक मशीनवर वेलँडच येतं. ग्वेक आपलं जुन्या पद्धतीनं कान लावून बसलेलं असतं, म्हणून समोर कुठली खिडकी आहे त्यावर ते उठतं किंवा झोपून राहतं.

म्हणून बटण ग्वेकला सांगूच नका, डेस्कटॉपला सांगा. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथं शॉर्टकट बघा-बदला म्हणून जे आहे ते उघडा, सगळ्यात खाली कस्टम शॉर्टकट असतं तिथं नवीन जोडा. नाव काहीही द्या, कमांडच्या रकान्यात ग्वेकचं स्पेलिंग लिहा (जी, यू, ए, के, ई, सगळी लहान अक्षरं), मग एक स्पेस, मग डॅश आणि लहान टी. बस्स. आणि हे झालं की ग्वेकच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तिथलं एफ१२ काढून टाका, विसरू नका, नाहीतर दोन्हीकडं तेच बटण राहिलं तर एका दाबात उघडून लगेच मिटेल आणि तुम्हाला वाटेल अजून बिघडलंय. तिथंच लॉगिनबरोबर सुरू व्हायची टिक पण मारा.

दुसरं दुखणं बटण कुठलं निवडायचं हे, आणि खरी मजा इथंच आहे. एफ१२ ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडतं, ते तुमचं "भलतंच काहीतरी". शिवाय बऱ्याच लॅपटॉपवर त्याला एफएन धरावं लागतं. गेमसारखं नुसतं बॅकटिक (तेच १ च्या डावीकडचं बटण) ठेवावं म्हणाल तर टर्मिनलच्या बॅश स्क्रिप्टमध्ये बॅकटिक लागतं, ते कसं टाईप करणार? कंट्रोल-बॅकटिक व्हीएस कोड या एडिटरनं घेतलंय, सुपर-बॅकटिक (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) नोमनं एकाच अ‍ॅपच्या खिडक्या फिरवायला घेतलंय. मी स्वतः सुपर-एंटर ठेवतो. ते आधीच कुणी घेतलेलं असेल तर सेटिंग्ज स्वतःच सांगते.

एंटरचा अजून एक फायदा जो आपल्यालाच लागू पडतो. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना अक्षरांचे शॉर्टकट रुसू शकतात, एंटर मात्र कुठल्याही लेआउटमध्ये एंटरच. टर्मिनल खाली आलं तरी लेआउट मराठीच राहतो हे लक्षात ठेवा. मित्राला मराठीत मेल लिहिता लिहिता टर्मिनल उघडून मी एलएस (फायलींची यादी दाखवायची कमांड) टाकलं आणि उत्तर आलं, "ते: कमांड नॉट फाउंड". इनस्क्रिप्टमध्ये एल म्हणजे त आणि एस म्हणजे एकाराची मात्रा, झालं ते! सुपर-स्पेसनं लेआउट बदला आणि पुढं चला.

दुसऱ्या खिडकीत गेल्यावर ग्वेकनं आपोआप लपायचा पर्याय पण आहे, मला नाही आवडत, एरर वाचत वाचत ब्राउझरमध्ये शोधायचं असतं तेव्हा नेमकं ते गुल होतं.

प्रश्न: विंडोजवर असं होतं का? काही वेगळं डाउनलोड करावं लागेल का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: विंडोज ११ असेल तर बहुतेक काहीच नाही, विंडोज टर्मिनलमध्येच आहे, २०२१ च्या १.९ आवृत्तीपासून. विंडोज-की आणि बॅकटिक दाबा, अर्ध्या स्क्रीनवर वरून उतरतं, आणि त्या मोडचं नावही क्वेकच आहे. फक्त टर्मिनल आधीपासून मागं चालू असावं लागतं, पहिल्यांदा दाबून काहीच झालं नाही म्हणून लोक सोडून देतात. सेटिंग्जमध्ये स्टार्टअपला मशीनबरोबर सुरू व्हायचा पर्याय आहे तो चालू करून ठेवा.

प्रश्न: टर्मिनल मध्येच गोठतं, काही टाईप होत नाही. खिडकी बंद करून परत उघडतो. रॅम कमी पडतेय का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: रॅमवर पैसे घालवू नका. सवयीनं कंट्रोल-एस दाबलंत ना, सेव्ह करायला? टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ "थांब" असा आहे, टेलिटाईपच्या जमान्यापासूनचा. कंट्रोल-क्यू दाबा, मधल्या वेळात जे बडवलंत ते सगळं एकदम उमटेल, त्यामुळं रागानं एंटर मारत बसू नका.